प्रश्नपत्रिकेतील पूर्वपक्ष : वैशेषिकांचा ‘वेग’ आणि पदार्थविज्ञानाची परीक्षा

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची एक सवय प्रस्तुत लेखकास पूर्णपणे परिचित आहे, कारण ती त्यालाही होती. एखाद्या घरचे दप्तर सोडले म्हणजे मोडी कागद एका बाजूस, बालबोध पोथ्या दुसऱ्या बाजूस व छापील कागद तिसऱ्या बाजूस निघतात. आणि हा तिसरा ढीग बहुधा दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. छापील कागद म्हणजे ज्याच्या प्रती अन्यत्र आहेतच असा कागद, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. पुस्तकांविषयी ती पुष्कळ अंशी खरी असली तरी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांविषयी ती साफ खोटी आहे. प्रश्नपत्रिका शेकड्यांनी छापल्या जातात आणि आठवड्याभरात एकही उरत नाही. शके १७०० च्या सुमाराची तर्कसंग्रहाची पोथी मिळविणे अवघड नाही. परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या सहामाही परीक्षेची पदार्थविज्ञानाची प्रश्नपत्रिका मिळविणे किती कठीण आहे, हे ज्याने शोधली असेल त्यासच कळेल.

चिखली येथे शिक्षकाच्या सेवेत असता, माझा विषय संस्कृत असूनही, अकरावी-बारावीच्या वर्गांवर परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षणाचे काम मजकडे नेहमी येई. तीन तास वर्गात येरझारा घालणाऱ्याला वाचण्यासारखे एकच वाङ्मय असते, ते म्हणजे उरलेली प्रश्नपत्रिका. याप्रमाणे गतिशास्त्र, द्रव्याचे गुणधर्म व तरंग या तीन प्रकरणांवरील प्रश्न मी अनेक वर्षे वाचीत गेलो व एकेक प्रत एका पत्र्याच्या पेटीत टाकीत गेलो. त्या पेटीतील कागदांवरून जे ध्यानात आले ते या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे. विषय पदार्थविज्ञानाचा दिसला तरी प्रश्न आपल्याच क्षेत्रातील, म्हणजे शब्दांच्या व मतांच्या इतिहासाचा आहे.

प्रारंभ एका प्रश्नापासून करतो. चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटून वर जात असता त्यावर कोणकोणती बले कार्य करतात? हवेचा विरोध सोडून द्यावा. हा प्रश्न रूपे बदलून पेटीतील बहुतेक वर्षांच्या कागदांवर आहे. त्याचे मान्य उत्तर असे की, फक्त एक, म्हणजे खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण. परंतु वर्गातील निम्म्याहून अधिक मुले लिहीत ती अशी : फेकताना हाताने दिलेले बल चेंडूत राहते, ते त्याला वर नेते, हळूहळू ते संपते, ते संपले म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला खाली आणते. याच प्रश्नाचा उपप्रश्न असतो की, सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती? त्याचे उत्तर ही मुले ‘शून्य’ असे देत. खरे उत्तर वर जाताना, वर असताना व खाली येताना एकच, म्हणजे दर सेकंदास सेकंदाला सुमारे ९.८ मीटर. उत्तरपत्रिका तपासणारे सहकारी तांबड्या शाईने काट मारीत व शिक्षकांच्या खोलीत येऊन मुलांच्या बुद्धीविषयी जे बोलावयाचे ते बोलत.

एके वर्षी अशी एक उत्तरपत्रिका सहकाऱ्याने मला करमणुकीखातर दाखविली. ती वाचून मला हसू आले नाही. त्या मुलाने लिहिलेले उत्तर मी विद्यार्थिदशेत संस्कृतात पाठ केले होते. ते कणादाचे होते.

वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायाचा विषय कर्म, म्हणजे हालचाल, हा आहे. तेथे उखळ-मुसळाचे उदाहरण प्रथम येते. हात आत्म्याच्या प्रयत्नाने हलतो, हाताच्या संयोगाने मुसळ वर जाते, आणि धरून ठेवणारा संयोग नाहीसा झाला म्हणजे ते गुरुत्वामुळे पडते. पुढे बाणाचे उदाहरण आहे. बाणाची पहिली हालचाल प्रत्यंचेच्या नोदनाने, म्हणजे ढकलण्याने, होते. त्या हालचालीपासून बाणात एक संस्कार उत्पन्न होतो. पुढील सर्व हालचाल या संस्कारामुळे. आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे पतन. प्रशस्तपादाने आपल्या भाष्यात याच संस्काराला ‘वेग’ हे नाव देऊन त्याचे स्वरूप बारकाईने सांगितले आहे. वेग हा पृथ्वी, जल, तेज, वायू व मन या पाच मूर्त द्रव्यांत राहणारा गुण. तो कर्मापासून जन्मतो. ठराविक दिशेने हालचालींची मालिका चालू ठेवतो. आणि स्पर्श असणाऱ्या द्रव्याशी गाठ पडली म्हणजे नष्ट होतो. त्याच ग्रंथात गुरुत्वाविषयीही सांगितले आहे की, ते इंद्रियांना दिसत नाही, पडण्यावरून त्याचे अनुमान करावे लागते, आणि संयोग, प्रयत्न व संस्कार या तिघांपैकी कोणी आडवा असेल तोवर ते आपले काम करू शकत नाही.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. संस्कार आडवा असेल तोवर गुरुत्व अडलेले असते. म्हणजे वर जाणाऱ्या चेंडूत वेगनामक संस्कार आहे तोवर गुरुत्व थोपविले गेले आहे; संस्कार सरला की गुरुत्वास वाव मिळतो. माझ्या सहकाऱ्याने ज्यावर काट मारली ते उत्तर हेच. श्रीधराने शके ९१३ मध्ये, म्हणजे इ. स. ९९१ च्या सुमारास, न्यायकंदली लिहिली; त्याच्यापुढे हा मुलगा तोंडी परीक्षेस बसता तर उत्तीर्ण होता.

याचा अर्थ त्या मुलाने कणाद वाचला होता असा नव्हे, व कणादाचे मत त्याच्या रक्तातून आले होते असे म्हणणे तर निव्वळ वेडगळपणा होईल. हात आणि दगड यांचा जो अनुभव सूत्रकाराला होता तोच चिखलीच्या मुलालाही आहे, इतकेच. किंबहुना हा अनुभव साऱ्या जगाचा आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने अॅरिस्टॉटलचे खंडन करून फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याकडून शक्ती उतरते असे प्रतिपादिले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदानने तिला ‘इंपेटस’ हे नाव दिले. आणि गॅलिलिओसारख्यानेही तरुणपणी, १५९० च्या आसपास, वर फेकलेल्या दगडाविषयी असेच काही लिहून ठेवले होते. १९८२ मध्ये जॉन क्लेमंट या संशोधकाने अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडविलेल्या नाण्याचा हाच प्रश्न घातला व बहुसंख्यांनी वरच्या दिशेने बल दाखविले. पुढे १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स व स्वॅकहॅमर यांनी बलाच्या कल्पनेची जी प्रसिद्ध चाचणी तयार केली तिच्यात चुकीचे पर्याय परीक्षकाच्या कल्पनेतून घेतलेले नाहीत. विद्यार्थी स्वतः जे बोलतात तेच पर्याय म्हणून मांडले आहेत.

ही युक्ती आपल्या शास्त्रकारांना नवी वाटली नसती. पूर्वपक्ष मांडावयाचा तो प्रतिपक्ष्याच्या तोंडून, त्याच्या पूर्ण बळाने मांडावयाचा, हा आपल्या शास्त्रग्रंथांचा दंडक आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात तीन चुकीचे पर्याय देताना परीक्षक पूर्वपक्षच लिहीत असतो. फक्त तो बहुधा आळसाने लिहितो. माझ्या पेटीतील कागदांत असे अनेक प्रश्न आहेत की ज्यांचे तीन पर्याय कोणीही शहाणा मूल निवडणार नाही. असा प्रश्न काहीच तपासत नाही. उलट एका कागदावर चेंडूच्या प्रश्नाला ‘फेकण्याचे बल व गुरुत्वाकर्षण, दोन्ही’ असा पर्याय आहे. तो घालणाऱ्या शिक्षकाला, त्याने वैशेषिकांचे नाव ऐकले असो वा नसो, मी पंडित म्हणेन.

आता शब्दांकडे वळतो. कारण मराठी विद्यार्थ्याची अडचण केवळ अनुभवाची नाही, शब्दाचीही आहे. ‘पदार्थविज्ञान’ हे या शास्त्राचे जुने मराठी नावच वैशेषिकांच्या पदार्थकल्पनेची आठवण देते. हे शब्द मराठीत आले कसे, याचा धागा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडतो. १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तेथे न्याय शिकविला जाई. मुंबईस त्याच सुमारास शाळापुस्तक मंडळीचे काम चालू झाले. हरि केशवजी पाठारे यांनी सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रावरील इंग्रजी संवाद मराठीत आणले. बाळशास्त्री जांभेकर, जे १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून वृत्तपत्रकार म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यात सृष्टिविषयक लेख लिहिले. पुढे केरूनाना छत्रे (१८२४–१८८४) यांनी मराठी शाळांसाठी गणित व पदार्थविज्ञान यांची पुस्तके केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानविषयक मराठी ग्रंथांची मालिकाच लिहिली. या पिढ्यांतील लेखकांना नवा शब्द हवा असे तेव्हा संस्कृत शास्त्रभाषेचे कोठार हाताशी होते. त्यातून त्यांनी गुरुत्व उचलले, वेग उचलला, द्रवत्व उचलले, स्थितिस्थापक उचलला. शब्द आला, तेव्हा त्याच्या पाठीवर बसून जुने मत आले नाही काय, हा माझा प्रश्न आहे.

‘वेग’ या शब्दाचेच पाहा. आजच्या पुस्तकात वेग म्हणजे ठराविक दिशेने एकक काळात होणारे विस्थापन. चाल निराळी, वेग निराळा, आणि या दोहोंतील भेद सांगा हा प्रश्न परीक्षेत ठरलेला. वेग हे मापन आहे, कारण नव्हे. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात जो पालट केला तो हाच की, सरळ रेषेत एकसारखे चालू राहण्यास कारण लागतच नाही. कारण लागते ते बदलास. वैशेषिकांचा वेग मात्र नेमका ते कारण होता. तेव्हा ‘चेंडूत वेग आहे म्हणून तो वर जातो’ हे वाक्य मराठीत निर्दोष वाटते, संस्कृतात शास्त्रशुद्ध ठरते आणि न्यूटनाच्या शास्त्रात चूक होते. त्या मानाने वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराला ‘संवेग’ म्हणणारा शब्दकार जुन्या अर्थाच्या अधिक जवळ गेला. ब्युरिदानचा इंपेटसही द्रव्याच्या प्रमाणावर व गतीवर अवलंबून असे. ‘गुरुत्वाकर्षण’ हा तर मजेदार समास आहे. गुरुत्व वैशेषिकांचे, जे पडणाऱ्या वस्तूच्या अंगी राहते. आकर्षण भास्कराचार्यांच्या गोलाध्यायातले, जेथे पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असे इ. स. ११५० मध्ये लिहिले गेले. दोन भिन्न मते एका पदात सुखाने नांदत आहेत व मुलांना त्याची वार्ताही नाही.

येथे एका गोष्टीचा निर्देश न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गेली काही वर्षे असे पत्रक मुलांच्या हाती फिरते की, न्यूटनाचे तिन्ही नियम कणादाने आधीच सांगितले होते. खाली संस्कृत वाक्ये दिलेली असतात. दोनतीन विद्यार्थी ते घेऊन मजकडे आले, कारण संस्कृतचे गुरुजी आनंदित होतील अशी त्यांची अपेक्षा होती. मी पोथी काढून दाखविली. ती तीन वाक्ये कणादाच्या सूत्रांत नाहीतच. प्रशस्तपादाच्या भाष्यात वेगाचे लक्षण सांगणारे जे एक सलग वाक्य आहे, त्याचेच तीन तुकडे करून, मधली पदे गाळून, ते तीन नियम म्हणून छापले आहेत. तिसरा तुकडा सांगतो की, विशिष्ट संयोग वेगाचा विरोधी आहे, म्हणजे आदळल्याने वेग नष्ट होतो. त्यातून ‘क्रियेस तितकीच उलट प्रतिक्रिया’ हा अर्थ काढण्यास व्याकरण व शास्त्र दोन्ही वेशीबाहेर ठेवावी लागतात. प्रशस्तपादाची खरी थोरवी अशाने झाकली जाते. त्याने चुकीचे का होईना, पण एक सुसंगत, विचारपूर्ण गतिशास्त्र उभे केले होते. आपण त्याला न्यूटनाचा नकलनवीस करून टाकतो. भास्कराचार्यांच्या आकर्षणाविषयीही हेच म्हणावे लागते. पृथ्वी ओढते हे त्यांनी सांगितले. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढते हे सांगितले नाही, आणि चंद्राचे भ्रमण त्यातून काढले नाही.

द्रव्याच्या गुणधर्मांचे प्रकरण त्या मानाने सुखाचे आहे. तेथे जुना शब्द व नवा अर्थ यांची जोडी बरीच जमली. स्थितिस्थापक हा संस्काराचाच एक प्रकार : वाकविलेली, पिळलेली वस्तू ज्यामुळे पुन्हा आपल्या मूळ स्थितीला येते तो गुण. प्रशस्तपादाने धनुष्य, झाडाची फांदी, शिंग, दात, हाड, सूत, वस्त्र अशी उदाहरणे दिली. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात चटईचे दिले. एकदा पर्यवेक्षणाच्या आदल्या दिवशी बारावीच्या मुलांना मी कार्यालयातील चटई गुंडाळून सोडून दाखविली व विचारले, ‘हिला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?’ त्यांना व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ होती. पण स्थितीची पुनः स्थापना करणारा तो स्थितिस्थापक, ही फोड कोणी करून दिली नव्हती. या प्रकरणातील परीक्षकांचा आवडता प्रश्न म्हणजे पोलाद व रबर यांत अधिक स्थितिस्थापक कोणते. मुले रबर सांगतात, कारण रबर अधिक ताणले जाते. उत्तर पोलाद हे आहे. तेवढ्याच लांबीच्या बदलास पोलादात कितीतरी अधिक प्रतिबल उत्पन्न होते. जुन्या ग्रंथकारांची दृष्टी ‘मूळ स्थितीला येते की नाही’ यावर होती. ‘किती बलास किती बदल’ हे माप १६७८ मध्ये हूकने नियमाच्या रूपाने प्रसिद्ध केले. गुण ओळखणे व गुण मोजणे यांतील अंतर दाखविण्यास याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

द्रवत्वाचे दोन प्रकार वैशेषिकांनी केले : पाण्याचे स्वाभाविक, तूप व सोने यांचे अग्निसंयोगाने येणारे. स्नेह हा निराळा गुण, फक्त पाण्यातला, ज्यामुळे पीठ भिजून त्याचा गोळा होतो. येथे आधुनिक पृष्ठताण दिसतो असे म्हणण्याचा मोह होतो; मी तो आवरतो. मात्र एका शब्दाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विष्यंदिता’ म्हणत. हा शब्द ज्या स्यंद् धातूपासून आला तो वाहणे या अर्थाचा. द्रवत्व हे स्यंदनाचे कारण असे न्यायशास्त्र सांगते. म्हणजे जो गुण वाहू देत नाही त्याला वाहण्याचे नाव! पुढे आलेला ‘श्यानता’ हा शब्द थिजण्याच्या अर्थाच्या धातूपासून असल्याने अधिक योग्य आहे. पण तोवर एका पिढीने विष्यंदिता पाठ केली होती.

तरंगांच्या प्रकरणात न्यायग्रंथांची दोन दृष्टांतवचने संग्राहकांस परिचित आहेतच. शब्द उत्पत्तिस्थानापासून कानापर्यंत येतो कसा? एक मत, पाण्यातील लाटेमागून लाट उठावी तसा. दुसरे, कदंबाच्या कळीसारखा, एकदम सर्व दिशांना फुटून. पहिल्याला वीचितरंगन्याय व दुसऱ्याला कदंबमुकुलन्याय म्हणतात. भीमाचार्य झळकीकर यांच्या न्यायकोशात हे शब्द मिळतील. १९२८ ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी वाढविलेली आवृत्ती अनेकांच्या संग्रही असेल. तळ्यात खडा टाकून वर्तुळे दाखविणारा आजचा शिक्षक न कळत वीचितरंगन्यायच शिकवितो, आणि ध्वनी त्रिमितीत गोलाकार पसरतो हे सांगताना कदंबाकडे वळतो. पण वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. परीक्षेतील घंटेचा प्रश्न येथेच त्यांच्या विरुद्ध उभा राहतो : काचेच्या हंडीतील हवा काढून घेतली तर आत वाजणारी घंटा ऐकू येते काय? १६६० मध्ये रॉबर्ट बॉइलने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने उत्तर ‘नाही’ असे दिले. आकाश तर हंडीत तसेच होते. गेली ती हवा. मराठी शाळांतील ‘अनुतरंग’ व ‘अवतरंग’ ही जोडी कोणी बसविली असो, अनु- उपसर्ग ठीक आहे. अव- उपसर्गाने ‘आडवा’ हा अर्थ कोठून आणला हे पाणिनीस विचारू नये.

विसाव्या शतकात या शब्दांना दुसऱ्यांदा हात लागला. आमच्या वऱ्हाडास याची झळ जवळून लागली, कारण १९४० च्या दशकात डॉ. रघुवीर यांचे परिभाषेचे कार्य नागपुरासच चालले होते. त्यांची पद्धती धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या जोडीने हवा तो शब्द पाडावयाची. जुन्या शास्त्रात तो होता की नाही ही विवंचना त्यांना फारशी नव्हती. पुढे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, मराठी विश्वकोशाने आपली परिभाषा वापरली, पाठ्यपुस्तकांनी आपली. परिणाम असा की, एकाच कल्पनेला तीन तीन नावे झाली. बलाला ‘प्रेरणा’ व ‘बल’, जडत्वाला ‘निरूढी’ व ‘जडत्व’, वारंवारतेला ‘कंप्रता’ही, आणि तरंगाच्या आयामाला ‘परमप्रसर’. यांपैकी ‘प्रेरणा’ गेली याचे मला वाईट वाटते. बल हे कोणाच्या तरी अंगी असते, मल्लाच्या असते, चेंडूच्याही असू शकते असे वाटते. प्रेरणा मात्र दुसऱ्याकडूनच मिळावी लागते. चेंडू हातातून सुटल्यावर त्याला प्रेरणा देणारा कोणी उरला नाही, हे वाक्य मुलाला आपसूक पटले असते. कोणता शब्द राहिला व कोणता गेला यावर कोणत्या चुका टिकल्या हे थोडेबहुत अवलंबून आहे, असे माझे मत आहे. ते सिद्ध करण्यास प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिकाच लागतील, आणि त्याच आपण विकून टाकतो.

परीक्षेच्या पद्धतीविषयी दोन शब्द. मिथिलेच्या परंपरेत शलाकापरीक्षेची कथा सांगतात : पोथीत सळई खुपसावयाची, ती ज्या शेवटच्या पानास पोहोचेल त्या पानाचे विवरण विद्यार्थ्याने करावयाचे. पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांना या कल्पनेने पानांच्या काळजीने कसेसेच होईल, मलाही होते. परंतु तिच्यात एक मोठा गुण होता की, काय विचारले जाईल हे परीक्षकालाही ठाऊक नसे. भास्कराचार्यांनी गोलाध्यायाच्या शेवटी स्वतंत्र प्रश्नाध्याय जोडला, आणि त्यांच्या सिद्धांताच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात पाटण येथे मठ स्थापिला; त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी प्रसिद्धीस आणला. आमच्या जिल्ह्याच्या शेजारच्या प्रांतात आठशे वर्षांपूर्वी एका ग्रंथावर पिढ्यांनी परीक्षा द्यावी अशी सोय झाली होती. आज बारावीच्या भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची व प्रयोगाची ३० गुणांची आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न असतात, बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकल्यास १ गुण जातो. चुकीला दंड असला म्हणजे विद्यार्थी आपल्या मनातील पूर्वपक्ष कागदावर येऊच देत नाही. त्याची समजूत बदलली की केवळ लपली, हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही.

भाषेचा पेच शेवटचा, पण मला सर्वांत लागलेला. चिखलीच्या आसपासच्या खेड्यांतील मूल दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकते. अकरावीस विज्ञान शाखेत आले की पुस्तक इंग्रजी, अध्यापन इंग्रजी-मराठी मिश्र, उत्तर इंग्रजी. मग प्रवेशपरीक्षेस मराठीचा पर्याय मिळतो : वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा २०१७ पासून मराठीतही होते, अभियांत्रिकीची देशपातळीवरील मुख्य परीक्षा २०२१ पासून. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी मराठीतील सरावपत्रिका घेऊन मजकडे आली. वडील शेतकरी, मुलगी हुशार. द्रवांच्या प्रकरणातील दोन प्रश्न तिने सोडले होते, कारण ‘श्यानता’ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते. तीच कल्पना इंग्रजी नावाने तिला उत्तम येत होती, सूत्र व एकक यांसह. दोन वर्षांत तो मराठी शब्द तिच्या कानावर एकदाही पडला नव्हता. मी तिला थिजलेल्या तुपाची गोष्ट सांगितली. तिने तो शब्द वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला. दोन प्रश्न म्हणजे ८ गुण, आणि ८ गुणांनी यादीत केवढा फरक पडतो हे ज्यांच्या घरी अशी परीक्षा झाली असेल त्यांस सांगणे नको.

तेव्हा संग्राहक मंडळींस विनंती अशी की, जुन्या घरांतून शाळेची दप्तरे निघतील तेव्हा प्रश्नपत्रिका, सरावाच्या वह्या व गाळीव छापील पुस्तके बाजूस काढावीत. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, नागपूरचे १९२३ चे, अमरावतीचे १९८३ चे; वऱ्हाडातील विद्यार्थी या ना त्या काळी निरनिराळ्या सत्तांच्या परीक्षांस बसत आला आहे, आणि प्रत्येक बदलाबरोबर त्याच्या पदार्थविज्ञानाची भाषा पालटली आहे. कागदावर वर्ष, विषय व गुण असतील तो भाग कापू नये. घड्या उलगडून सपाट ठेवावे. आणि पेन्सिलीच्या खुणा मुळीच पुसू नयेत. माझ्या पेटीतील चेंडूच्या प्रश्नाच्या एका प्रतीवर कोणा विद्यार्थ्याने चेंडूचे वर्तुळ काढून त्यातून वर जाणारा एक बाण काढला आहे, तो खोडला आहे, आणि खोडल्यावर त्याच जागी पुन्हा फिकट असा काढला आहे.